उलटी सूची

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी मेल करून "सर, तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं, म्हणून आधीच सांगतो. तब्येत उत्तम आहे, गुडघे सोडले तर. मी गेले दोन महिने प्रोग्रॅम लिहीत होतो!

हसू नका. मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, चौतीस वर्षं खेड्यातल्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेला, पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस पायथन शिकला. शिकला म्हणजे नातीनं शिकवलं तेवढं. ती इंजिनिअरिंगला आहे. तिच्याकडे सहनशक्ती भरपूर आहे, ती तिच्या आजीकडून आली असावी.

सुरुवात झाली ती दिवाळीच्या साफसफाईत. माळ्यावर हिची पत्र्याची ट्रंक आहे. हिला जाऊन आता बरीच वर्षं झाली (२०१८), पण ट्रंक उघडायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. यंदा मुलगी नाशिकहून आली आणि तिनं ती खाली काढली. जुनी पातळं, लोकरीच्या सुया, आमच्या लग्नाची पत्रिका आणि तळाशी, कागदात गुंडाळलेलं बारावीचं मराठीचं जुनं पाठ्यपुस्तक. समासात जागोजागी पेन्सिलीनं शब्दार्थ लिहिलेले. अक्षर हिचं.

"बाबा, आई बारावीला बसली होती का?"

"छे! दहावी झाली होती ती. १९७५ साली. नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिलीच तुकडी. मग दोन वर्षांनी आमचं लग्न झालं."

"मग हे काय आहे?"

"शेजारच्या कुणा मुलीला समजावून देत असेल."

"तुमच्या डायऱ्यांत बघा ना. तुम्ही तर सगळं लिहिता."

हे खरं आहे. १९७४ साली नोकरीला लागलो तेव्हापासून २००८ साली निवृत्त होईपर्यंत मी दैनंदिनी लिहिली. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी. तीन-चार ओळी. पाऊस किती झाला, शाळेत तपासणी कधी झाली, कोण आलं, काय खर्च झाला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर शाळेत जमा केलेल्या मदतीचा हिशेबही त्यात आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वेळ जाईना म्हणून मी त्या वह्या एकेक करून संगणकावर टाइप करायला घेतल्या. अडीच वर्षं लागली. वर्षाला एक अशा चौतीस-पस्तीस फायली झाल्या, नोंदी चार हजारांच्या आसपास.

म्हणजे उत्तर असेल तर माझ्याच घरात होतं. पण चार हजार नोंदींत शोधायचं कसं? एकेक फाइल उघडून शोधायला लागलो. "बारावी" हा शब्द तर पावलोपावली होता, शाळामास्तरच्या वहीत तो असणारच. दुसऱ्या दिवशी मी कंटाळलो. नात म्हणाली, "आजोबा, असं नाही. आपण याचा इन्व्हर्टेड इंडेक्स करू."

"म्हणजे?"

"उलटी सूची."

तर मंडळी, ही उलटी सूची काय भानगड आहे ते मला समजलं तसं सांगतो. समजा, माझ्या तीन नोंदी अशा आहेत. पहिली: "पाऊस नाही. विहीर आटली." दुसरी: "पाऊस जोरात. शाळा बंद." तिसरी: "शाळा सुरू. विहीर साफ केली." वही सुलट आहे, म्हणजे तारीख धरून गेलं की शब्द सापडतात. आता हेच उलटं करा. शब्द धरा आणि त्याच्यापुढे नोंदींचे क्रमांक मांडा. पाऊस: १, २. विहीर: १, ३. शाळा: २, ३. आता कुणी विचारलं, "पाऊस आणि शाळा दोन्ही कुठे आहेत?" तर वही उघडायचीच नाही. पावसापुढचे आकडे आणि शाळेपुढचे आकडे शेजारी ठेवायचे आणि दोन्हींत आहे तो उचलायचा. उत्तर, २. गूगलसारखी शोधयंत्रं याच पायावर उभी आहेत म्हणे.

पुस्तकांच्या शेवटी शब्दसूची असते, तीही हीच. आणि हे संगणकानं जन्माला घातलेलं नाही. पुण्यात डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतच्या मोठ्या ऐतिहासिक कोशाचं काम सुरू झालं, त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार केल्या गेल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द आणि तो कुठे आला त्याचा पत्ता. पहिला खंड छापून यायला १९७६ साल उजाडलं. ती माणसं काय धीराची असतील, हे मला आमची चार हजार नोंदींची सूची करताना कळलं, आणि इथे तर चिठ्ठ्या मशीन लिहीत होतं!

आमचा प्रोग्रॅम पंधरा-वीस ओळींचा. पायथनमध्ये डिक्शनरी नावाची सोय आहे. एक कप्पेदार कपाट समजा, कप्प्यावर शब्द लिहायचा आणि कप्प्यात नोंदींचे क्रमांक टाकायचे. कप्प्यातल्या पिशवीला सेट म्हणतात. तिच्यात एक क्रमांक एकदाच राहतो, शब्द त्या नोंदीत दहादा आला तरी. एकेक नोंद घ्यायची, तिचे शब्द सुटे करायचे, प्रत्येक शब्दाच्या कप्प्यात त्या नोंदीचा क्रमांक टाकायचा. संपलं.

संपलं असं वाटलं. पहिल्यांदा चालवला तेव्हा पडद्यावर जी यादी आली ती पाहून मी खुर्चीतून उठलोच. पाणी या शब्दाचे "प" आणि "ण" झाले होते. विहीर म्हणजे "व", "ह", "र". काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं गायब! धड राहिले होते ते "घर" आणि "आई" असे, मुळात काना-मात्रा नसलेले शब्द. उभा जन्म ऱ्हस्व-दीर्घाच्या वेलांट्या तपासण्यात गेला आणि हे यंत्र त्या सरसकट झाडून टाकतं म्हणजे काय!

नातीनं शोधून काढलं. "सलग अक्षरं म्हणजे शब्द" असं सांगायची एक तयार खूण पायथनमध्ये असते, तिच्या हिशेबी आपला काना किंवा वेलांटी म्हणजे अक्षरच नव्हे, नुसतं जोडचिन्ह. म्हणून शब्द तिथे तुटत होता. मग आम्ही ती खूण काढली आणि देवनागरीच्या सगळ्या चिन्हांची सलग पट्टी सांगून टाकली. शब्द जागेवर आले. हुश्श!

पुढची अडचण माझ्या विषयातली निघाली. विहीर एका कप्प्यात, विहिरीवर दुसऱ्या, विहिरीत तिसऱ्या, विहिरीचे चौथ्या. नात म्हणाली, "इंग्रजीत शब्दाची शेपटी कापायचे नियम आहेत, मार्टिन पोर्टर यांनी १९८० सालीच प्रसिद्ध केलेत. आपण प्रत्यय कापू." मी म्हटलं, काप. "विहिरीवर" मधला "वर" कापला तर "विहिरी" उरली, विहीर नाही. कारण मध्ये सामान्यरूप बसलंय. आणि "ला" कापायला सांगितला तर "आला"चा "आ" आणि "गेला"चा "गे" झाला. सामान्यरूपाच्या तक्त्यांना नाकं मुरडणारी माझी सगळी मुलं-मुली मला त्या क्षणी आठवली. शेवटी ठरवलं, कापाकापी नको. रूपं आहेत तशी वेगळी राहू देत. शोधताना शब्दाची सुरुवात लिहायची आणि त्या सुरुवातीचे सगळे कप्पे उघडायचे. ("ळ" आणि "ल" शेजारी-शेजारी का येतात यावरही माझी तक्रार होती. आपला "ळ" वर्णमालेत "ह"नंतर येतो, संगणकाच्या तक्त्यात तो "ल"च्या लगेच पुढे बसवलाय. पण ते राहू द्या.)

एक काम मात्र नातीनं माझ्यावर सोपवलं. "आजोबा, काही शब्द इतके वेळा येतात की त्यांचे कप्पे उगाच फुगतात. आणि, पण, तर, होता, आहे. त्यांचा शोधायला उपयोग काहीच नाही. त्यांची यादी तुम्ही करा, मराठी तुमची चांगली आहे. यादीतले शब्द आपण सूचीत घ्यायचेच नाहीत."

मी मन लावून यादी केली. अव्ययं लिहिली. मग सर्वनामं, तीही विभक्ती चालवून. मी, मला, माझा. तो, त्याला, त्याने. ही, हिला, हिने, हिचा, हिची, हिचे. एकशे चाळीस शब्द झाले. सूची हलकी झाली, प्रोग्रॅम टुणकन चालायला लागला.

आणि मग शोधायला बसलो. "बारावी"च्या सगळ्या रूपांपुढे एकशे अठरा नोंदी. हिच्या नावापुढे तीन.

तीन. चौतीस वर्षांत. एक रेशन कार्डावरच्या नावांची, एक मतदार यादीतली चूक दुरुस्त करण्याची आणि एक १९८१ साली मुलाच्या वेळी दवाखान्यात नाव नोंदवल्याची. मग बारावी आणि हिचं नाव, दोन्ही जिथे आहेत ते विचारलं. पडद्यावर "सेट" हा शब्द आला आणि पुढे रिकामा कंस.

मुलीला फोन करून सांगितलं, काही नाही. सूचीनंच सांगितलंय. ती "बरं" म्हणाली.

रात्री झोप येईना. तीन हा आकडा डोक्यातून जाईना. मी काही वाईट नवरा नव्हतो, असं मला वाटतं. मग माझ्या वहीत ही तीनदाच कशी? पहाटे कधीतरी उलगडा झाला आणि स्वतःचीच लाज वाटली. मी तिचं नाव लिहीतच नव्हतो. आमच्या पिढीत बायकोचं नाव कोण घेत होतं? बोलताना "अगं", दुसऱ्याला सांगताना "आमची ही", वहीत "ही, हिला, हिने". आत्ता हा लेख लिहितानासुद्धा वर मी "हिची ट्रंक" असंच लिहून गेलो आहे, पाहा. आणि "ही, हिला, हिने" हे शब्द निरुपयोगी म्हणून सूचीतून मीच काढून टाकले होते, विभक्तीसकट, सुवाच्य अक्षरात यादी करून.

सकाळी नातीला म्हटलं, ते सहा शब्द परत घे. तिनं का असं विचारलं नाही. नुसता "ही" घेतला तेव्हा गर्दी झाली, कारण "ही बाब", "ही मुले" सगळंच त्यात आलं. पण "हिला, हिने, हिचा" यांत भेसळ फार नव्हती. रूपं वेगळी ठेवली होती ते बरं झालं, एका "ही"त सगळी मिसळली असती तर पुन्हा हरवली असती. या पाच रूपांच्या नोंदी सहाशे एकोणचाळीस. हिला ताप. हिने शेवया केल्या. हिचे माहेरी पत्र. हिला रात्री डोकेदुखी. डोकेदुखी बावीस वेळा होती, ते मला या वयात कळलं.

मग हिच्या रूपांबरोबर "बारावी" पाहिलं. काही नाही. नात म्हणाली, "तुम्ही बारावी असं लिहिलंच नसेल. परीक्षेला काय लागतं?" मी म्हटलं, फॉर्म. दर वर्षी मुलांचे परीक्षेचे फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे असे. तर हि- आणि फॉर्म. दोन नोंदी आल्या.

९ ऑक्टोबर १९७९. "परीक्षेचे फॉर्म भरून घेतले, ४१. हिचा बाहेरून बसण्याचा फॉर्म पुढील वर्षी पाहू. मुलगी लहान."

१७ सप्टेंबर १९८३. "हिने फॉर्मचा विषय काढला. आईचे आजारपण. जमणे नाही."

मी गप्प बसलो होतो. नात मात्र पडद्यावर काहीतरी निरखत होती. म्हणाली, "आजोबा, तुम्ही 'फॉर्म' दोन तऱ्हांनी टाइप केलाय." खरंच. काही वह्या मी आधीच्या कीबोर्डवर केल्या होत्या, तिथे काना वेगळा आणि वरचा चंद्र वेगळा असं पडलं होतं. नंतरच्या कीबोर्डवर दोन्ही मिळून एकच चिन्ह. डोळ्याला तसूभर फरक दिसत नाही, पण यंत्राला ते दोन निराळे शब्द. तिनं दोन ओळी घालून सगळे एकसारखे केले आणि पुन्हा चालवलं. तीन नोंदी.

२४ सप्टेंबर १९८६. "तिघी मुलींचे बाहेरून बसण्याचे फॉर्म स्वतः तालुक्यास पोचवले. एस.टी. भाडे रु. ६. हिचा आणून ठेवला होता, गडबडीत मुदत गेली."

मुदत गेली. जशी एस.टी. जाते तशी. तिघी मुलींचे फॉर्म घेऊन मी तालुक्याला गेलो आणि चौथा घरी राहिला.

या तिन्ही नोंदी माझ्या हाताच्या. एकदा शाईनं लिहिल्या, एकदा टाइप केल्या. टाइप करताना त्या माझ्या बोटांखालून गेल्या आणि मला काहीही वाटलं नाही. कारण वहीत १९७९ आणि १९८३ च्या मध्ये चार वर्षांचा पाऊस, पिकं, तपासण्या, बारशी आहेत. प्रत्येक वेळचं कारण त्या-त्या दिवशी खरंच होतं. मुलगी लहान होती. आई आजारी होती. गडबड होती. तारखेच्या रांगेत एकेकट्या उभ्या असतील तर या नोंदी निरुपद्रवी दिसतात. शब्दाच्या रांगेत तिघी शेजारी आल्या तेव्हा कळलं, की एक बाई सात वर्षं एकच गोष्ट मागत होती.

आणि चौथी नोंद नाही. १९८६ नंतर २००८ पर्यंत "हि-" आणि "फॉर्म" एकत्र कुठेही येत नाहीत. नातीला मी आणखी एकदा तपासायला लावलं. नाहीत. तिनं मागणं सोडून दिलं होतं. पुस्तक मात्र कागदात गुंडाळून ठेवलं.

मुलीला पुन्हा फोन केला आणि तिन्ही नोंदी वाचून दाखवल्या. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, आई माझ्या बारावीच्या फॉर्मच्या वेळी तुमच्यावर भरवसा न ठेवता स्वतः तालुक्याला आली होती. आठवतं?" मला आठवत नव्हतं. सूचीत पाहिलं. १९९५. "मुलीचा फॉर्म भरला." कुणी भरला ते लिहिलेलं नाही.

नात नंतर कुठूनसं वाचून मला सांगत होती. शब्दसूचीसाठी यंत्र वापरणाऱ्या पहिल्या-पहिल्या लोकांत इटलीतले रोबेर्तो बुसा नावाचे एक धर्मगुरू होते. १९४९ साली आयबीएमची मदत मागायला ते अमेरिकेत गेले. संत थॉमस अक्वायनस यांच्या लिखाणातल्या शब्दांची त्यांनी केलेली सूची पुढे छापली तेव्हा छप्पन्न खंड झाले. छिद्रं पाडलेल्या कार्डांवर तो मजकूर उतरवणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या, आणि त्या कामाच्या इतिहासात त्यांची नावं कितीतरी वर्षं आलीच नाहीत. अलीकडे संशोधकांनी त्यांतल्या काहींना शोधून बोलतं केलं. ऐकून मी काही बोललो नाही. माझ्याजवळ बोलायला तोंड नव्हतं.

मग मी एक काम काढलं. डायरीतला मजकूर बदललेला नाही. जे लिहिलं ते लिहिलं, ते आता सुधारायचा मला अधिकार नाही. पण सूचीत बदल करता येतो. "हिला, हिने, हिचा" जिथे खरोखर हिच्याबद्दल आहे, ती प्रत्येक नोंद मी हिच्या नावाच्या कप्प्यातही टाकतो आहे. हे प्रोग्रॅमला आपोआप जमत नाही, कारण ही म्हणजे कोणती ही ते वाचूनच ठरवावं लागतं. रोज सकाळी चहानंतर वीस नोंदी. आज तिच्या नावापुढे तीनशे अकरा आहेत. डोकेदुखीच्या नोंदी आल्या की थोडा थांबतो.

नाव इथे लिहू का, असा विचार दोन दिवस करतो आहे. नातेवाइकांना ते माहीतच आहे आणि इतरांना सांगायला जीभ अजून वळत नाही. सवय जात नाही हो. असो.

ब्लॉगवाल्या मित्रांपैकी कुणी आपली जुनी पत्रं, वह्या टाइप करून त्यांची सूची करणार असाल तर माझं एकच सांगणं आहे. टाकाऊ शब्दांची यादी करताना घाई करू नका. आधी सगळे शब्द ठेवा, काही दिवस त्यांत हिंडा, मग काय काढायचं ते ठरवा. आणि नातेवाइकांना विनंती. हिनं माहेरी लिहिलेली पत्रं कुणाकडे राहिली असतील तर फोटो काढून पाठवा. मी टाइप करीन. त्यांत माझं नाव सापडणार नाही हे मला माहीत आहे. मी त्यांत "हे" असणार. या खेपेस यादीत "हे" घालणार नाही.